उसाच्या फडातून आल्यापासून कुत्रा डोळा उघडेना: सीमाभागातल्या कुत्री पाळणाऱ्यांनी कृपया वाचा

हिरण्यकेशी | सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. आमचं गाव संकेश्वरपासून सहा-सात किलोमीटरवर. गळीत हंगाम चालू आहे, आमच्या शेजारच्या फडात टोळी उतरली आहे. आमचा करिया, चार वर्षांचा गावठी, नावाप्रमाणे काळाकुट्ट, शनिवारी संध्याकाळी सशामागे उभ्या उसात घुसला. अर्ध्या तासानं आला तो डावा डोळा गच्च मिटून. नुसतं पाणी गळत होतं. जाऊबाई म्हणाल्या, "कूस गेली असंल, उद्यापर्यंत निघंल." कूस म्हणजे उसाच्या पाल्याचं बारीक टोचरं कुसळ. रात्री हळदीच्या पाण्यानं पुसून घेतलं.

रविवारी डोळा तसाच. गुरांचा दवाखाना बंद, म्हणून मेडिकलमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी डोळ्यात घालायचं औषध दिलं, माणसांचंच. दिवसातून तीनदा घालतेय. पहिल्या दिवशी लाली कमी झाल्यासारखी वाटली, मला बरं वाटलं. आज दुपारपासून मात्र काळ्या बुबुळाच्या मधोमध दुधाचा थेंब सांडावा तसा पांढरा ठिपका दिसतोय. डोळा आणखीनच मिटलाय, उजेडात येत नाही, खाटेच्या पायाला तोंड घासतो. काल भाकरी खाल्ली, आज तीही नाही.

बाटलीवर दोन नावं आहेत, एक अँटिबायोटिक आणि दुसरं डेक्सामेथासोन. उद्या सकाळी दवाखाना उघडेल. तोपर्यंत हेच औषध चालू ठेवू का? कुणाला अनुभव असेल तर लगेच लिहा.


काजूबाग | सोमवार, रात्री ९:५८

ताई, ते औषध आत्ताच्या आत्ता बंद करा. खानापूरला आमच्या कुत्रीच्या बाबतीत हेच झालं होतं. डेक्सामेथासोन म्हणजे स्टेरॉइड. डोळ्यावर जखम असताना ते घातलं की लाली उतरते आणि जखम मात्र आतल्या आत वाढते. आमच्या कुत्रीचा तो डोळा गेला. मेडिकलवाल्यानं जाणूनबुजून काही केलं नाही, त्यानं लाल डोळा ऐकलं आणि लाल डोळ्याचं औषध दिलं. पण डोळा लाल का झालाय हे बघायला कुणीच नव्हतं.


गोठ्यातला डॉक्टर | सोमवार, रात्री १०:२०

मी पशुवैद्य आहे, चिकोडी तालुक्यात काम करतो. फोटोशिवाय आणि हातात डोळा धरल्याशिवाय निदान करणार नाही, पण तुम्ही लिहिलेली लक्षणं बुबुळावरच्या जखमेची आहेत, म्हणजे ज्याला आम्ही कॉर्नियल अल्सर म्हणतो.

आज रात्री एवढंच करा. ती बाटली बाजूला ठेवा, पण फेकू नका, उद्या डॉक्टरांना दाखवायची आहे. मेडिकलमधून साध्या सलाईनची बाटली मिळाली तर उत्तम, नाहीतर उकळून गार केलेलं स्वच्छ पाणी घ्या आणि डोळ्याच्या कडेनं हलकी धार सोडा. कापसानं बुबुळ पुसू नका, कापसाचे धागे त्या जखमेवर घासतात. काही टोचलेलं दिसलं तरी चिमट्यानं ओढू नका. कूस बुबुळात रुतलेली असली आणि ओढताना भोक पूर्ण पडलं तर डोळ्यातलं पाणी बाहेर येतं. पंजानं खाजवू देऊ नका. शंकूसारखी कॉलर नसेल तर प्लास्टिकच्या लहान बादलीचा तळ कापून गळ्यात बसवता येतो, कडेला जुनं फडकं शिवून घ्या.

आणि दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, मूत्रपिंडं निकामी होतात.

स्टेरॉइडबद्दल काजूबाग यांनी लिहिलंय ते बरोबर आहे, त्याचं कारण सांगतो. कुत्र्याच्या बुबुळावरचा पारदर्शक पडदा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जाड असतो. त्याची अगदी वरची साल निघाली तर शेजारच्या पेशी सरकत येऊन ती जागा भरून काढतात. साधी जखम आठवड्याच्या आत भरते. स्टेरॉइड हे सरकणं मंदावतं, तिथली प्रतिकारशक्ती दडपतं आणि पडदा विरघळवणाऱ्या विकरांना (एन्झाइम्सना) बळ देतं. उसाच्या पानानं किंवा गवताच्या कुसळानं झालेल्या जखमेत बुरशी शिरण्याचीही भीती असते, आणि बुरशीला तर स्टेरॉइड म्हणजे खतपाणीच. म्हणून डोळ्यावर जखम नाही याची हिरव्या रंगाच्या तपासणीनं (डोळ्यात रंग घालतात, जखमेची जागा हिरवी दिसते) खात्री झाल्याशिवाय स्टेरॉइडचा एक थेंबही घालायचा नाही.

उद्या दवाखाना उघडायच्या आधी दारात उभे राहा.


हिरण्यकेशी | सोमवार, रात्री १०:४१

बंद केलं. सलाईन घरात होतं, सासऱ्यांसाठी आणलेल्यातली उरलेली, न फोडलेली बाटली. धार सोडली तेव्हा तो थरथरत होता, पण चावला नाही. बादली नाही सापडली, पत्र्याच्या डब्याच्या कडा लागतील म्हणून धीर झाला नाही. रात्रभर मीच जवळ बसते.


निपाणीचा आण्णा | मंगळवार, पहाटे ५:३०

मी सत्तरीचा माणूस, आयुष्य तंबाखूच्या रानात गेलं. आमच्याकडे बैलाच्या डोळ्यात फूल, म्हणजे बुबुळावर पांढरा डाग, पडलं की तंबाखू चघळून पिंक मारायची पद्धत होती. मिठाची पूड कागदाच्या नळीतून फुंकायचे. काही बैलांचं फूल गेलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. लहान तोंडी मोठा घास घेत नाही, पण हे सगळंच खोटं होतं असं म्हणवत नाही. डॉक्टरांनी सांगावं.


गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, सकाळी ६:५०

आण्णा, तुम्ही बघितलेलं खोटं नाही. बुबुळावरची उथळ जखम आपोआप भरते आणि सुरुवातीचा पांढरटपणा बराच ओसरतो. तो ज्या आठवड्यात ओसरायचा त्याच आठवड्यात पिंक मारली की श्रेय पिंकेला जातं. ज्या बैलांचा डोळा फुटला त्यांना बाजार दाखवला गेला, म्हणून ते आठवणीत राहिले नाहीत. तंबाखूचा रस आणि मीठ यांनी उघड्या जखमेची आग होते, डोळ्यातून भरपूर पाणी येतं आणि "घाण निघाली" असं वाटतं. शिवाय तोंडातले जंतू थेट जखमेवर जातात.

तुमच्या भागातली एक गोष्ट मात्र मी इथे मुद्दाम लिहितो. तंबाखूबरोबरचा चुना. चुन्याची पुडी कुत्र्यानं फोडली, भिंतीला लावायच्या चुन्यात तोंड घातलं, तर ती डोळ्याची सगळ्यात वाईट भाजणूक असते. आम्लानं वरचा थर गोठतो आणि इजा बऱ्याचदा तिथेच थांबते, पण चुन्यासारखा अल्कली पडद्यातून आत-आत शिरत राहतो. अशा वेळी गाडी शोधत बसू नका. आधी चुन्याचे कण दिसतील तेवढे ओल्या बोळ्यानं पापणीच्या आतून काढा आणि नळाखाली किंवा तांब्यानं किमान वीस मिनिटं, जमलं तर अर्धा तास, धार चालू ठेवा. मग दवाखाना. बांधावरच्या रुईचा चीकही असाच. रुईचा चीक डोळ्यात गेला की सुरुवातीला फार दुखतही नाही, आणि काही तासांत बुबुळ सुजून धुरकट होतं. रुईची झुडपं तोडताना कुत्रा बांधून ठेवा.


टिळकवाडी | मंगळवार, सकाळी ८:१५

हिरण्यकेशी ताई दवाखान्यात असतील, तोवर माझा अनुभव लिहिते. आमच्याकडे पग आहे. गेल्या वर्षी फिरायला नेलं असताना मोकाट कुत्र्यानं मान पकडून झटकलं आणि आमच्या छकुलीचा उजवा डोळा खोबणीतून बाहेर आला. अक्षरशः बाहेर. पापण्या मागे अडकल्या होत्या. माझा भाऊ तो आत ढकलायला निघाला, मी ओरडून थांबवलं, कारण कुठंतरी वाचलं होतं की ढकलायचं नाही. रस्त्यावरच्या दुकानातून पाण्याची बाटली घेतली, स्वच्छ रुमाल भिजवून डोळ्यावर धरला आणि रिक्षातून नेताना सतत ओला ठेवला. डॉक्टरांनी भूल देऊन डोळा आत बसवला आणि पापण्या टाक्यांनी जवळजवळ तीन आठवडे शिवून ठेवल्या. डोळा राहिला, दृष्टी नाही राहिली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यामागची नस ताणली गेली होती.

पग, शिह त्झू, पेकिनीज पाळणाऱ्या बेळगावकरांना हात जोडून विनंती. यांची खोबण उथळ असते. गळ्याला पट्टा नको, छातीचा पट्टा घ्या. मानेची कातडी धरून उचलू नका. आणि मांजरासमोर पिल्लू सोडू नका. मांजराचं नख बुबुळातून आरपार आतल्या भिंगापर्यंत जातं, बाहेरून फक्त बारीक रेघ दिसते.


हिरण्यकेशी | मंगळवार, दुपारी १:३०

आलो. सगळं सविस्तर लिहिते, कारण काल रात्री मी असंच काहीतरी शोधत होते आणि मराठीत मिळत नव्हतं.

डॉक्टर कानडी, मला कानडी बोलता येतं, पण आजाराचे शब्द येत नाहीत. त्यांनी आधी डोळा बधिर करणारा थेंब घातला. मिनिटभरात करियानं डोळा उघडला! तीन दिवसांत पहिल्यांदा. मला वाटलं बरं झालं, पण डॉक्टर म्हणाले हे फक्त तपासण्यापुरतं, हा थेंब घरी कधीच द्यायचा नाही, त्यानं जखम भरत नाही. मग बारीक चिमट्यानं तिसरी पापणी उचलली. मला ठाऊकच नव्हतं की कुत्र्याला नाकाच्या बाजूनं सरकणारी तिसरी पापणी असते. तिच्या मागे उसाच्या कुशीचा तुकडा होता, तांदळाच्या कण्याएवढा. प्रत्येक वेळी डोळा मिटला की तो बुबुळावर घासत होता. मी दोन दिवस वरून औषध घालत होते आणि करवत आत चालूच होती.

नंतर नारिंगी रंगाच्या कागदी पट्टीवर सलाईनचा थेंब टाकून ती डोळ्याला लावली, धुतलं, खोलीतला दिवा बंद केला आणि निळ्या उजेडाची बॅटरी धरली. मदतनीस म्हणाला, "हसिरु आतु नोड्री." हिरवं झालं बघा. बुबुळाच्या मध्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा ठिपका, विजेच्या दिव्यासारखा चकाकत होता. डॉक्टर म्हणाले, "कण्णिगे गाय आगिदे." डोळ्याला जखम झालीय. निरोगी सालीवर हा रंग चिकटत नाही, साल निघालेल्या जागीच चिकटतो.

स्टेरॉइडची बाटली बघून ते काही बोलले नाहीत, फक्त तिच्यावर पेनानं फुली मारली. आता अँटिबायोटिकचे थेंब दर चार तासांनी, ॲट्रोपिन दिवसातून दोनदा, वेदनेसाठी वजनाप्रमाणे कुत्र्यांचं औषध, आणि प्लास्टिकचा शंकू चोवीस तास. गुरुवारी परत दाखवायचं.


हिरण्यकेशी | मंगळवार, रात्री ८:०५

डॉक्टर, घाबरून लिहितेय. ॲट्रोपिन घातल्यावर पाच मिनिटांत तोंडाला फेस आला! आणि डाव्या डोळ्यातली बाहुली एवढी मोठी झालीय की डोळा काळाच दिसतो. विष चढलं का?


गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, रात्री ८:१२

नाही, घाबरू नका. डोळ्यातून नाकात आणि तिथून घशात बारीक नळी जाते. ॲट्रोपिन जहर कडू असतं, ते घशात उतरलं की लाळ सुटते, थोड्या वेळानं थांबेल. बाहुली मोठी होणं हेच त्याचं काम आहे. जखमेमुळे डोळ्यातला स्नायू आखडतो, त्याचा ठणका फार असतो, ॲट्रोपिननं तो सैल होतो. त्याला सावलीत ठेवा, मोठ्या बाहुलीला ऊन सोसत नाही.

थेंब घालताना समोरून जाऊ नका. मागे बसा, त्याची पाठ तुमच्या पोटाला, एक हात जबड्याखाली, बाटलीचा हात कपाळावर टेकवून वरच्या बाजूनं. बाटलीचं टोक डोळ्याला लागू देऊ नका. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी.


उचगावकर | मंगळवार, रात्री ९:२०

विषय निघालाच आहे तर. आमचा लॅब्राडोर दहा वर्षांचा. दोन्ही डोळे निळसर धुरकट झालेत. सगळे म्हणतात मोतीबिंदू, पुण्याला नेऊन ऑपरेशन करा. पण चेंडू मात्र बरोबर पकडतो. काय समजावं?


गोठ्यातला डॉक्टर | मंगळवार, रात्री ९:४०

चेंडू पकडतो हे तुमचं उत्तर आहे. सहा-सात वर्षांनंतर कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं आणि निळसर झाक येते. तो म्हातारपणाचा बदल, त्यानं आंधळेपण येत नाही, ऑपरेशनही लागत नाही. मोतीबिंदूत पांढरेपणा येतो आणि बॅटरी मारली तर मागचा पडदा चमकत नाही. एकदा दाखवून घ्या, आणि रक्तातली साखरही बघा. मधुमेह झालेल्या बहुतेक कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो, कधी कधी काही आठवड्यांत. तो पाणी जास्त पितो का, भरपूर खाऊनही बारीक होतोय का, एवढं लिहा.


कारवानी | बुधवार, सकाळी ७:१०

मी कारवानी म्हणजे मुधोळ हाउंड पाळतो. मुधोळजवळच्या तिम्मापूरच्या केंद्रातून आणलेलं पिल्लू, आता तीन वर्षांचं. २००५ साली टपाल खात्यानं या जातीचं तिकीट काढलं तेव्हापासून वडिलांना ध्यास होता. लांब तोंडाच्या या कुत्र्यांचे डोळे पगसारखे पुढे आलेले नसतात, पण रानात पळणाऱ्याला काटा लागतोच. बाभळीच्या काट्यानं एकदा लागलंय.

मला सांगायचंय ते वेगळं आहे. गेल्या पावसाळ्यानंतर त्याचे दोन्ही डोळे एकदम लाल झाले, एकात तर बुबुळामागे रक्त साठल्यासारखं दिसत होतं. मला खात्री होती कुणीतरी काठी मारली. गडीमाणसांवर संशय घेतला, एकाला बोललोही. नंतर रक्त तपासलं तर प्लेटलेट फार खाली. गोचीड ताप निघाला, एर्लिकिया. गोचिडीतून येणारा जंतू रक्तवाहिन्यांना सूज आणतो, तीच सूज डोळ्यात उतरते. चार आठवडे डॉक्सिसायक्लिन दिलं, डोळ्यांचे थेंब वेगळे. एक डोळा पूर्ण बरा, दुसऱ्यानं थोडं कमी दिसतं. त्या गड्याच्या घरी जाऊन माफी मागून आलो.

दोन्ही डोळे एकाच वेळी बिघडले तर मार लागला असं धरून चालू नका.


गोठ्यातला डॉक्टर | बुधवार, दुपारी २:००

कारवानी यांचा मुद्दा मोलाचा आहे, त्यावर थोडं बोलतो, कारण लाल डोळा म्हटलं की लोक एकच आजार समजतात.

डोळ्याच्या आत सूज असेल तर बाहुली बहुतेक वेळा बारीक होते, बुबुळ धुरकट दिसतं. काचबिंदूत उलट, बाहुली मोठी आणि थिजलेली, डोळा टणक, कुत्रा डोकं भिंतीला टेकून बसतो. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण १० ते २५ मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. तो एकदम दुप्पट-तिप्पट झाला तर एक-दोन दिवसांत दृष्टी कायमची जाते. इथे "सोमवारी बघू" चालत नाही. आणि एक गंमत नव्हे, धोक्याची गोष्ट: करियाला दिलेलं ॲट्रोपिन काचबिंदूच्या डोळ्यात घातलं तर दाब आणखी चढतो. म्हणून शेजाऱ्याच्या कुत्र्याचं उरलेलं औषध आपल्या कुत्र्याला घालू नका, कितीही लक्षणं जुळली तरी.

डोळा कोरडा पडण्याचाही आजार असतो. पिवळट-हिरवी चिकट चिपडं रोज येतात, डोळ्याची चमक जाते, लोक महिनोन्महिने अँटिबायोटिक घालत राहतात. कागदाची एक पट्टी मिनिटभर पापणीत ठेवून अश्रू मोजता येतात, पंधरा मिलिमीटरच्या वर ओली झाली तर ठीक. कमी असेल तर सायक्लोस्पोरिनचं मलम, बहुतेकदा जन्मभर.


काजूबाग | बुधवार, दुपारी ३:१५

डॉक्टर, नाकाच्या बाजूला डोळ्याच्या कोपऱ्यात लाल मांसाचा गोळा येतो, आमच्याकडे वडस म्हणतात. एकानं सांगितलं कापून टाका, पाच मिनिटांचं काम.


गोठ्यातला डॉक्टर | बुधवार, दुपारी ३:३०

कापू देऊ नका. ती तिसऱ्या पापणीची अश्रुग्रंथी असते, जागेवरून सुटून वर आलेली. डोळ्याच्या पाण्याचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त तीच तयार करते. कापली तर काही वर्षांनी वर लिहिलेला कोरडा डोळा पदरात पडतो. ती आत बसवून टाके घालायची शस्त्रक्रिया असते, तीच करून घ्या.


हिरण्यकेशी | गुरुवार, संध्याकाळी ६:२५

आज मन फार उदास आहे. हिरवा ठिपका लहान व्हायच्या ऐवजी मोठा झालाय. कडा मऊ, शेंबडासारख्या लोंबल्यासारख्या दिसतात. डॉक्टर म्हणाले पडदा विरघळायला लागलाय, स्टेरॉइडचे ते दोन दिवस आता फेडायचे आहेत.

त्यांनी करियाच्याच पायातून रक्त काढलं, ते गोठू दिलं, यंत्रात फिरवलं आणि वरचं पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, निर्जंतुक बाटलीत भरून दिलं. पडदा विरघळवणाऱ्या विकरांना ते अडवतं म्हणे. दर दोन तासांनी एक थेंब, रात्रीही. अँटिबायोटिकही बदललं आणि तेही दर दोन तासांनी. सीरम फ्रिजमध्येच ठेवायचं, दोन दिवसांनी नवं काढून देणार. आमच्याकडे लाइट जाते, म्हणून मातीच्या माठाशेजारी बर्फाचा डबा तयार ठेवलाय.

जाऊबाईंनी रात्री बारा ते चारची पाळी घेतली. ज्यांनी "उद्यापर्यंत निघंल" म्हटलं होतं त्याच. घड्याळाचा गजर लावून उठतात, काही बोलत नाहीत.


निपाणीचा आण्णा | गुरुवार, रात्री ९:००

पोरी, धीर धर. मी गप्प बसून सगळं वाचतोय. डॉक्टरांनी बैलांबद्दल लिहिलं ते दोन दिवस डोक्यात फिरतंय. आमच्या ढवळ्याचा डोळा पिंकेनंच गेला असणार. तेव्हा सांगणारं कुणी नव्हतं.


येळ्ळूर | शुक्रवार, सकाळी १०:३०

राजहंसगडाच्या पायथ्याशी आमचं रान. ऊसतोड टोळीच्या पालांजवळ चार पिल्लं आहेत, सगळ्यांच्या दोन्ही डोळ्यांना पिवळी चिपडं, नाकालाही शेंबूड, खोकतात. आई म्हणते "ह्या पिल्लांचं डोळं आलेत, काजळ घाल". हे पण डोळ्याचंच दुखणं का?


गोठ्यातला डॉक्टर | शुक्रवार, सकाळी ११:०५

काजळ नको. दोन्ही डोळे, नाक आणि खोकला एकत्र म्हणजे डिस्टेंपरचा संशय आधी घ्यायचा. तो विषाणू आहे, डोळा हे त्याचं एक दार. पिल्लांना तुमच्या घरच्या कुत्र्यांपासून वेगळं ठेवा, त्यांना हाताळल्यावर हात-कपडे धुवा, आणि आजच दाखवा. तुमच्या कुत्र्यांची लस झाली नसेल तर डॉक्टरांशी बोलून घ्या. मोकाट मोठ्या कुत्र्याचा डोळा बघायला जाताना तोंडाला पट्टी बांधल्याशिवाय हात घालू नका. वेदनेत गरीब कुत्रंही चावतं. दात लागला तर साबणानं पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस.


हिरण्यकेशी | रविवार, सकाळी ९:१०

काल परत दाखवलं. वाढ थांबलीय! कडा घट्ट झाल्यात. पांढऱ्या भागातून लाल केसासारख्या रेघा बुबुळाकडे सरकताना दिसतात, मी घाबरले होते, पण डॉक्टर म्हणाले या नव्या रक्तवाहिन्या, दुरुस्तीचं सामान घेऊन निघाल्यात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात मुळात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून त्यांना कडेवरून यावं लागतं, दिवसाला जेमतेम मिलिमीटरभर. पापणीचं आवरण ओढून टाके घालायचं ऑपरेशन सध्या टळलं. आज त्यानं दूध-भाकरी खाल्ली, शंकूसकट ताटलीत तोंड खुपसून.

येळ्ळूरचं काय झालं?


येळ्ळूर | रविवार, दुपारी १२:४०

दोन पिल्लं गेली ताई. दोन खातात-पितात, औषध चालू आहे. टोळीतली लहान मुलगी त्यांना मांडीवर घेऊन डोळे पुसते, तिला सलाईन आणि स्वच्छ फडकी देऊन आलो.


हिरण्यकेशी | तीन आठवड्यांनंतर, मंगळवार, संध्याकाळी ७:००

शेवटची तपासणी झाली. परत तीच नारिंगी पट्टी, तोच अंधार, तीच निळी बॅटरी. मी श्वास धरून होते. बुबुळावर कुठेच हिरवं नाही. थोड्या वेळानं त्याच्या डाव्या नाकपुडीतून हिरवं पाणी आलं आणि मदतनीस हसला. अश्रूंची नळी मोकळी असल्याची ती खूण. करियानं नेमकं माझ्या पदराला नाक पुसलं.

मध्यावर पांढरं फूल राहिलंय, मसुराएवढं. ते पुसट होईल, पण पूर्ण जाणार नाही. त्या बाजूनं हात नेला की थोडा उशिरा वळतो. फडातला ऊस गेला, टोळीही पुढच्या गावाला गेली, रान मोकळं आहे. पुढच्या वर्षी तोड सुरू झाली की त्याला दावं लावायचं, असं जाऊबाईंनी आत्ताच ठरवलंय.

शंकू धुऊन, उन्हात वाळवून गोठ्याच्या खुंटीला टांगलाय. मध्यम कुत्र्याच्या मानेला बसतो, बटणं तीन ठिकाणी आहेत. संकेश्वर, हुक्केरी, गडहिंग्लजच्या बाजूला कुणाला लागला तर इथे लिहा, रात्री-अपरात्रीही चालेल.